जहाजाची एलएनजी टाकी: तयार आणावी की यार्डातच बांधावी?

सागर_वास्को

नमस्कार मंडळी. मी गोव्यात झुआरीकाठच्या एका मध्यम यार्डात डिझाइन ऑफिसला आहे. युरोपातल्या मालकांसाठी लहान मालवाहू जहाजं बांधणं हे आमचं नेहमीचं काम. आता एका डच मालकाची चौकशी आली आहे. लांबी ९० मीटर, रुंदी १६ मीटर, २००० किलोवॅटचं एकच मुख्य इंजिन, डिझेलवरही चालणारं आणि गॅसवरही. गॅस म्हणजे एलएनजी, खूप गार करून द्रव केलेला नैसर्गिक वायू. आमच्या यार्डात असं जहाज आजवर झालेलं नाही.

मालकाच्या स्पेसिफिकेशनमध्ये टाकीबद्दल एवढंच लिहिलंय: टाइप सी (म्हणजे दाब सहन करणारी स्वतंत्र टाकी), व्हॅक्यूम इन्सुलेटेड (भांड्यात भांडं, मधली हवा काढलेली), सर्व जोडणीसह कारखान्यात तयार. यावरून ऑफिसात दोन तट पडलेत. प्रॉडक्शनचे लोक म्हणतात, स्टेनलेस आपल्याला नवीन नाही, केमिकल टँकरच्या टाक्या आपल्याच वेल्डरांनी केल्यात. डिश एंड, म्हणजे टाकीची फुगीर टोकं, बाहेरून दाबून आणू, सिलिंडर इथे रोल करू, मालकाला समजावू. परचेसचं म्हणणं, तयार आणली की जबाबदारी एकाच पार्टीवर राहते. मला दोघांचंही पटतं, म्हणूनच इथे विचारतोय.

टाकी केवढी धरावी, याचा माझा हिशेब दर वेळी वेगळा येतोय, कारण लोडिंग लिमिटचा, म्हणजे टाकी किती टक्के भरता येते याचा, भाग नीट उलगडलेला नाही. दुसरं म्हणजे, तयार टाकी आली तर यार्डाच्या वाट्याला नेमकं काय काम उरतं? नुसतं उचलून फाउंडेशनवर ठेवायचं, इतकं सोपं ते नसणार. ज्यांनी हे काम जवळून पाहिलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

उरण_कंटेनर

कायमची टाकीच कशाला? चाळीस फुटी आयएसओ टँक कंटेनर डेकवर ठेवा. एकात सतरा-अठरा टन एलएनजी मावतं. रिकामा झाला की क्रेनने उतरवायचा, भरलेला चढवायचा, बंकरिंगची, म्हणजे जहाजात इंधन भरण्याची, भानगडच नाही. आयजीएफ कोडमध्ये, म्हणजे गॅसवर चालणाऱ्या जहाजांच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत, अशा हलवता येणाऱ्या टाक्यांची तरतूद आहे. आपल्याकडे दहेजहून, कोचीहून रस्त्याने टँकर भरून एलएनजी जातंच.

गुहागरकर

सागर, प्रश्न चांगला मांडलास. मी आधी जहाजावर इंजिनिअर होतो. नंतर मालकाच्या बाजूने साइटवर राहून चीन आणि कोरियातल्या यार्डांत गॅसवर चालणारी जहाजं बांधून घेतली. घर अंजनवेलच्या जवळ, त्यामुळे २०१३ पासून दाभोळच्या टर्मिनलला लागणारी एलएनजीची जहाजं गावाकडे गेलो की दिसतातच. या विषयावर मराठीत फार कमी लिहिलं गेलंय, म्हणून जरा लांबण लावतो.

उरणकरांची सूचना चुकीची नाही, पण या जहाजाला ती पेलणार नाही. सागरचं इंजिन ८० टक्के भारावर १६०० किलोवॅट देईल. फोर स्ट्रोक गॅस इंजिनाला किलोवॅट-तासाला १५५ ग्रॅमच्या आसपास एलएनजी लागतं. म्हणजे तासाला अडीचशे किलो, दिवसाला सहा टन. एक कंटेनर तीन दिवसांत संपेल. दहा दिवसांसाठी तीन-चार कंटेनर डेकवर, प्रत्येकाला स्वतंत्र होज, ड्रिप ट्रे, पाण्याचा स्प्रे. बंदरात शिरलं की क्रेनची वाट पाहायची. लहान फेरीबोटीला किंवा ठरलेल्या दोन बंदरांत ये-जा करणाऱ्या जहाजाला ते जमेल. हे जहाज तर जिथे माल मिळेल तिथे जाणार.

आता आकार. एलएनजीचं वजन घनमीटरला साधारण ४५० किलो, म्हणजे सहा टनांना रोज १३ घनमीटर, दहा दिवसांना १३०. टाकी थंड राहावी म्हणून तळाला थोडं कायम ठेवावं लागतं, ते आठ धर. झाले १३८. इथवर तुझा हिशेब बरोबरच आला असणार. गडबड होते ती पुढे.

कोड सांगतो, टाकी ९८ टक्क्यांहून जास्त भरलेली कधीच नसावी, अगदी आतला दाब रिलीफ व्हॉल्व्ह उघडण्याइतका वाढला तरीही. दाब वाढतो म्हणजे आतलं द्रव गरम होतं, आणि गरम झालं की फुगतं. शुद्ध मिथेन उणे १६१ अंशाला, वातावरणाच्या दाबाला, घनमीटरला ४२२ किलो भरतं. तेच १० बार निरपेक्ष दाबाला उकळत असेल तर ३६० सुद्धा नाही. म्हणून बंदरात गार द्रव घेताना तुला ८३ टक्क्यांवर थांबावं लागतं. रिलीफ ५ बार निरपेक्षला लावला तर ९० टक्क्यांपर्यंत जाता येतं. त्याच १३८ घनमीटरसाठी पहिल्या टाकीचं पोट १६६ चं हवं, दुसरीचं १५३ चं. टाकी जितक्या चढ्या दाबाची, तितकं तिच्यात इंधन कमी मावतं. नव्या लोकांना हे उलटं वाटतं. बाहेरच्या आगीने टाकी तापण्याची शक्यता फारच कमी आहे असं जागेवरून आणि इन्सुलेशनवरून दाखवता आलं, तर क्लास, म्हणजे जहाज तपासून प्रमाणित करणारी संस्था, ९५ टक्क्यांपर्यंत सूट देऊ शकते. पण ती गृहीत धरून जहाज आखू नकोस, मिळाली तर मालकाचा फायदा समज.

मग दाब कमीच का ठेवू नये? इंजिनाला गॅस पाच-सहा बारने लागतो. लहान टाक्यांत बहुतेक वेळा पंप नसतोच. थोडं द्रव तळातून काढून उकळवतात, वाफ वरून टाकीत परत सोडतात, आणि तोच दाब द्रवाला व्हेपरायझरकडे, म्हणजे द्रवाचा गॅस करणाऱ्या यंत्राकडे, ढकलतो. हलणारा भाग नाही, बिघडायला काही नाही, पण टाकी कायम दाबाखाली. पंप घेतलास तर टाकी कमी दाबाची चालते आणि जास्त भरता येते, फक्त उणे १६० अंशात बुडालेल्या पंपाची देखभाल गळ्यात येते. मालकाला हे दोन्ही पर्याय मांड आणि त्याचं म्हणणं लेखी घे, कारण टाकीचं बाकी सगळं यावरून ठरतं.

बिनपंपाची धरली तर १६५ घनमीटरच्या टाकीला आतला व्यास ४ मीटर घेऊन लांबी साडेतेरा मीटरच्या आसपास येईल. तिच्या एका टोकाला टँक कनेक्शन स्पेसची, म्हणजे टाकीच्या व्हॉल्व्ह-जोडण्यांची, खोली जोडली की सतरा-अठरा मीटर. कोडप्रमाणे टाकी जहाजाच्या बाजूपासून रुंदीच्या एक पंचमांश आत हवी, म्हणजे तुझ्याकडे दोन्ही अंगांनी ३.२ मीटर सोडून मधे ९.६ मीटर उरतात. तळापासून रुंदीचा पंधरावा भाग, एक मीटरहून थोडं जास्त. टाकी जहाजाच्या लांबीच्या दिशेने, मध्यरेषेवर, आरामात बसते. मात्र होल्डची, म्हणजे माल ठेवायची, जागा जाते हे मालकाला आजच सांग. तेवढ्याच ऊर्जेला तेलाच्या पावणेदोन पट द्रव लागतं, आणि गोल टाकी, इन्सुलेशन, भोवतीची मोकळी जागा धरली की तिप्पट किंवा वरच.

आता तुझा खरा प्रश्न. माझं मत स्पष्ट आहे: तयार टाकी घ्या. तुमचे वेल्डर कमी आहेत असं मला म्हणायचं नाही. टाकीचं सिलिंडर हा त्या पूर्ण वस्तूतला सोपा भाग आहे, अवघड काम सगळं तिच्या एका टोकाला असतं. त्या टोकाच्या खोलीत टाकीचे मुख्य व्हॉल्व्ह, दाब वाढवणारा उष्णताविनिमायक, व्हेपरायझर, गॅस तापवणारा हीटर, लेव्हल आणि तापमानाची यंत्रं, गळती ओळखणारे सेन्सर, हे सगळं असतं. खोली गॅसटाइट हवी, तिची हवा तासाला किमान तीस वेळा बदलली पाहिजे, आणि द्रव सांडलंच तर खाली गोळा होऊन जहाजाच्या साध्या पोलादाला लागता कामा नये. साधं पोलाद उणे १६० अंशाला काचेसारखं फुटतं. गॅस जहाजावरच्या प्रत्येक नियमाचं मूळ इथे आहे.

यासाठी मी एकच माप लावतो. टाकी यार्डात उतरल्यावर किती थंड जॉइंट यार्डाला करायचे उरले? ज्या जोडातून उणे १६० चं द्रव जाणार तो थंड जॉइंट. असे सगळे जॉइंट कारखान्यात होऊन, तपासून, प्रत्यक्ष गार करून आले असतील, तर ती टाकी खऱ्या अर्थाने तयार. यार्डाला मग फक्त कोमट गॅसचा पाइप, ग्लायकॉलचं गरम पाणी, नायट्रोजन, हवा आणि केबल जोडायच्या असतात, जे काम तुमचे लोक रोज करतात. उलट नुसतं पिंप एका पार्टीकडून, व्हॉल्व्ह दुसऱ्याकडून, खोली तिसऱ्याकडून असा व्यवहार मी पाहिलाय, कागदावर तोही ‘प्रीफॅब्रिकेटेड’च होता. त्यात थंड जॉइंटचा ढीग शेवटी यार्डाच्या पाइपफिटरसमोर येतो, तोही जहाजाच्या पोटात, आडव्यातिडव्या जागेत, रेडिओग्राफीची फिल्म लावायला हात पोचत नाही अशा ठिकाणी.

एक थंड लाइन मात्र यार्डाकडे राहतेच: बंकर स्टेशनपासून टाकीपर्यंतची. ती जितकी आखूड ठेवशील तितकं बरं. बंकर स्टेशन टाकीच्या त्याच टोकाशी आणता येईल अशी मांडणी कर. हे टाकीवाला करणार नाही, डिझाइन ऑफिसनेच करायचं.

फार मोठी यार्डंही हाच मार्ग धरतात. २०१३ ची व्हायकिंग ग्रेस ही फेरी फिनलंडच्या तुर्कूमध्ये बांधली, तिच्या मागच्या उघड्या डेकवर दोनशे-दोनशे घनमीटरच्या दोन टाक्या बसवल्या. २०१८ च्या आयडानोव्हा या क्रूझ जहाजासाठी तर टाक्यांसकट इंजिनरूमचा अख्खा तरंगता भाग रोस्टॉकजवळच्या नेप्च्यून यार्डात बांधून समुद्रातून ओढत पापेनबुर्गला नेला. त्यातल्या दोन टाक्या प्रत्येकी ३५ मीटर लांब आणि ८ मीटर व्यासाच्या. मोठी पाइपिंगची यंत्रणा बंद जहाजात बसवण्यापेक्षा मोकळ्यावर बांधून आत सरकवावी, असा त्यांचा हिशेब. याला मर्यादा आहे. २०२० चं जॅक साडे हे कंटेनर जहाज १८,६०० घनमीटर एलएनजी घेतं. तिथे गोल टाकीने फार जागा खाल्ली असती, म्हणून जहाजाच्या पोटातच पातळ धातूच्या पडद्याची मेम्ब्रेन टाकी बांधली. तुझ्या १६५ घनमीटरला हा विचार लागू नाही.

यार्डाकडे काय उरतं ते आता. फाउंडेशन. साडेतेरा मीटरची स्टेनलेस टाकी गार झाली की ३५ ते ४० मिलिमीटर आखडते. व्हॅक्यूम टाकीत हे आखडणं आतल्या भांड्याचं, ते दोन भांड्यांमधल्या फायबरच्या आधारांवर सरकतं आणि बाहेरचं भांडं हलत नाही. तरी बाहेरच्या भांड्याखाली दोन सॅडल, म्हणजे खोगिरासारखे आधार, असतात, त्यातला एक पक्का आणि एक सरकता ठेवतात, कारण जहाजही लाटेवर वाकतं. यार्डाने दोन्ही घट्ट वेल्ड करून टाकलेले मी पाहिलेत. टाकीवाल्याच्या ड्रॉइंगवर पक्का कुठला आणि सरकता कुठला हे ठळक नसेल तर ड्रॉइंग परत पाठव. फाउंडेशनची सपाटी टाकी येण्याआधी मोजून घे, वेल्डिंगने ती वाकलेली असतेच.

मग ओपनिंग. टाकी डेक बंद व्हायच्या आधी आत गेली पाहिजे. तिला उशीर झाला तर जहाज स्लिपवेवर अडतं, म्हणून ऑर्डर स्टील कापण्याच्या आधी द्या.

आणि कोरडेपणा. हे मी कळकळीने लिहितो. टाकी कारखान्यातून आत थोड्या दाबाचा कोरडा नायट्रोजन भरून, सगळी तोंडं बंद करून येते. एका यार्डात कुणीतरी पाइप जुळवून पाहायला ब्लँक, म्हणजे तोंडावरचं झाकण, काढला आणि तसाच सोडून जेवायला गेला. रात्रभर पाऊस. गॅस ट्रायलला टाकी गार करायला घेतली तेव्हा मुख्य व्हॉल्व्ह बर्फाने जाम. पुन्हा गरम करा, सुकवा, दवबिंदू मोजा, पुन्हा गार करा. गोव्याच्या पावसाळ्यात हा धोका किती मोठा ते तुला सांगायला नको. नायट्रोजनचा दाब रोज सकाळी वाचून वहीत लिहायला एक माणूस नेम.

चाकण_क्यूए

गुहागरकरांनी छान लिहिलंय. मी वेल्डिंग इन्स्पेक्शनमध्ये आहे, क्रायोजेनिक भांड्यांचं काम केलंय. प्रॉडक्शनवाल्यांची बाजू थोडी मांडतो, कारण त्यांचं म्हणणं अगदीच बाजूला टाकण्यासारखं नाही.

३०४एल या स्टेनलेसचं वेल्डिंग आपल्या लोकांना येतं. फरक कसोटीत आहे. केमिकल टँकरला कुणी उणे १९६ अंशाची इम्पॅक्ट टेस्ट मागत नाही, इथे प्रोसिजर टेस्टलाच द्यावी लागते, आणि वेल्डमधलं फेराइट जास्त झालं की तिथे नापास. टाइप सी च्या बट जॉइंटना शंभर टक्के तपासणी. प्रत्येक प्लेटचा हीट नंबर, म्हणजे ती कुठल्या ओतकामातली हे सांगणारा आकडा, शेवटपर्यंत हातात. साधं पोलाद जिथे ग्राइंड होतं तिथे स्टेनलेस ठेवायचंच नाही, लोखंडाचा कीस बसला की पुढे गंज. यार्डात ही वेगळी जागा काढणं हीच पहिली अडचण. नऊ टक्के निकेलचं पोलाद घेतलं तर आणखी एक भर: ते चुंबकतं, आर्क भरकटतो, निकेलचा महाग फिलर लागतो, प्लेट चुंबकी क्रेनने उचलायची नाही.

हे सगळं शिकता येतं. यार्डात शिकता येणार नाही ते व्हॅक्यूम. दोन भांड्यांमधे पर्लाइट ही उष्णतारोधक भुकटी भरायची, मग गरम करत करत हवा उपसायची, आठवडे जातात. त्याआधी हेलियमने एकेक जॉइंट तपासायचा. रेडिओग्राफीत पास झालेला जॉइंट हेलियमला गळलेला मी पाहिलाय. त्यामुळे माझा प्रश्न असा: व्हॅक्यूमच नको, एका भांड्याची फोम इन्सुलेटेड टाकी घेतली तर यार्डाला बांधता येईल ना? मोठ्या टाक्या तशाच असतात.

हायड्रोटेस्टबद्दल एक. डिझाइनच्या दीडपट दाबाने घेतात. १६५ घनमीटरची टाकी पाण्याने भरली की आत १६५ टन, एलएनजीने काठोकाठ भरली तरी ७५ च्या आत. सॅडलचा हिशेब पाण्याच्या वजनाला केलाय का ते विचारा. आणि पाण्यात क्लोराइड किती तेही, विहिरीचं पाणी भरणारे लोक आहेत.

गुहागरकर

चाकणकर, फोमचा मुद्दा रास्त आहे. मोठ्या टाकीला फोम पुरतो, कारण तिच्या पोटाच्या मानाने पृष्ठभाग कमी. टाकी लहान झाली की तेवढ्याच द्रवाला जास्त भिंत येते आणि उष्णता जास्त शिरते. कोडची अट अशी: टाकी भरलेली, जहाज उभं, फक्त राहण्यापुरती वीज चालू, तरी पंधरा दिवस दाब रिलीफच्या खाली राहिला पाहिजे. आयडानोव्हाएवढ्या टाकीला फोमने हे साधतं. सागरच्या टाकीला फोमवर साधायचं तर इन्सुलेशनची जाडी आणि दाब दोन्ही वाढवावं लागेल, आणि दाब वाढवला की वरचं लोडिंग लिमिट आडवं येतं. थर्मासचं तत्त्व इथे उगाच वापरलेलं नाही. शिवाय फोमच्या टाकीला जहाजातला होल्ड कोरडा ठेवायचा, सॅडलवर दाबलेल्या लाकडाचे ठोकळे बसवायचे, त्यांच्या फटीत रेझिन ओतायचं, होल्डमध्ये पाणी शिरलं तर टाकी तरंगू नये म्हणून वरून अडकवायचं. यार्डाचं काम वाढतं, कमी होत नाही.

हायड्रोटेस्टचं पटलं. त्याच्याच पुढचं, कारखान्यात गार करून दाखवण्याची अट ऑर्डरमध्ये घाला. द्रव नायट्रोजन वापरतात, उणे १९६ अंश, म्हणजे एलएनजीहूनही गार. तो घनमीटरला आठशे किलोच्या आसपास, म्हणून टाकी पूर्ण भरायची नाही, किती भरायची ते गणितातून ठरतं. व्हॉल्व्ह त्या थंडीत उघडझाप करून बघायचे, बाहेरच्या भांड्यावर कुठे दव धरतंय का ते हात फिरवून बघायचं. मालकाचा, क्लासचा आणि यार्डाचा माणूस, तिघेही हजर हवेत. सागर, तू स्वतः जा. तिथे उभा राहिलास तर पुढे ट्रायलला तुला एकही आवाज अनोळखी वाटणार नाही.

चीफ_रत्नागिरी

चीफ इंजिनिअर म्हणून गॅसवरच्या जहाजावर आहे, सध्या घरी. बांधणाऱ्यांनी चालवणाऱ्यांचंही ऐकावं म्हणून लिहितो.

बिनपंपाच्या टाकीचा एक स्वभाव आहे, तो ड्रॉइंगवर दिसत नाही. बंकर घेतल्यावर आत द्रव खूप गार असतं आणि वरची वाफ आपण मुद्दाम तापवून दाबाखाली ठेवलेली. बंदराबाहेर पडल्यावर जहाज डुलायला लागलं की गार द्रव वाफेत उसळतं, वाफेचं पुन्हा द्रव होतं आणि दाब झरझर खाली येतो. इंजिनाला पुरेसा गॅस मिळत नाही, ते आपोआप डिझेलवर जातं. उत्तर समुद्रात हिवाळ्यात हे नेमकं तेव्हाच होतं जेव्हा ब्रिजला दुसरी व्यवधानं असतात. म्हणून दाब वाढवणारा उष्णताविनिमायक कागदोपत्री लागतो त्याहून मोठा घ्या, आणि टाकीत स्लॉशिंग बल्कहेड, म्हणजे द्रवाची उसळी अडवणारी आतली भिंत, आहे का ते विचारा. ही टाकी कारखान्यातून बंद होऊन येते, नंतर आत काही घालता येत नाही.

बंकरिंगला वरून स्प्रे आणि खालून भरणं, दोन्ही लाइन हव्यात. वरून स्प्रे केला की वाफ गार होऊन दाब पडतो, बार्जकडे गॅस परत पाठवावा लागत नाही. खालची एकच लाइन असलेल्या जहाजावर बंकर घेताना दाबाच्या काट्याकडे डोळे लावून बसावं लागतं.

टँक कनेक्शन स्पेसमध्ये माणूस शिरणार आहे हे लक्षात ठेवून ती आखा. व्हॉल्व्हचा अॅक्च्युएटर काढायला वर जागा आहे का? व्हेपरायझर बाहेर काढायचा झाला तर कुठल्या दारातून? रिलीफ व्हॉल्व्ह दोन असतात, एक तपासायला काढला तरी दुसरा चालू राहावा अशी लॉक केलेली व्यवस्था हवी, आणि तो काढायला चढायचं कशावरून तेही. मी ज्या जहाजांवर काम केलं तिथल्या थ्रीडी मॉडेलमध्ये सगळं बसलेलं होतं, फक्त पान्यासाठी जागा नव्हती. मॉडेल पास करायच्या आधी चालवणाऱ्या एका माणसाला दाखवा. मालकाकडे मागितलात तर तो देईल.

व्हॅक्यूम टिकून आहे का हे कळायला गेज आणि पुन्हा उपसायचं तोंड, दोन्ही हात पोचेल अशा जागी मागा. व्हॅक्यूम गेला तर बाहेरून घाम सुटतो, पण टाकी होल्डमध्ये असेल तर तो बघायला रोज कोण जातं?

सागर_वास्को

गुहागरकर काका, चाकणकर, चीफ साहेब, मनापासून आभार. आज सकाळी प्रॉडक्शन आणि परचेस दोघांना बसवून थंड जॉइंटची मोजणी केली. आमच्या मांडणीत बंकर स्टेशन जहाजाच्या मधोमध होतं आणि टँक कनेक्शन स्पेस टाकीच्या पुढच्या टोकाला. टाकी उलटी फिरवली तर थंड लाइन निम्म्याहून आखूड होते. प्रॉडक्शनचे साहेब स्वतःच म्हणाले, मग फाउंडेशन आणि ओपनिंग आमच्याकडे द्या, टाकी तयार आणा.

दोन शंका उरल्यात. टाकी गुजरातच्या कारखान्यातून घेतली तर रस्त्याने आणावी का? आणि गॅस ट्रायलला गोव्यात एलएनजी कुठून आणायचं?

गुहागरकर

मांडणी फिरवलीस हे ऐकून फार बरं वाटलं. अशा गोष्टी आज पेन्सिलीने होतात, वर्षभराने टॉर्चने कापाव्या लागतात.

रस्त्याने नको. बाहेरचा व्यास साडेचार मीटरच्या पुढे जाणार, वर ट्रेलरची उंची. वाटेतले पूल, विजेच्या तारा, घाट, प्रत्येक जिल्ह्याची परवानगी. वजनापेक्षा मला धक्क्यांची भीती वाटते, कारण आतलं भांडं फायबरच्या आधारांवर टांगलेलं आहे आणि ते आधार लाटेवर डुलणाऱ्या जहाजाच्या हिशेबाने आखलेत, खड्ड्यांच्या नाही. समुद्रातून बार्जने आण, थेट तुमच्या जेट्टीला. बार्जवर बांधायचं ड्रॉइंग टाकीवाल्याकडूनच घे, आणि दोन्ही टोकांना धक्के नोंदवणारं यंत्र लावायला सांग. उतरवायच्या आधी ते वाचून दोघांच्या सह्या घ्यायच्या. जून ते सप्टेंबर टाळ, म्हणजे ऑर्डरची तारीख उलट मोजत काढ.

ट्रायलचा गॅस दहेजहून किंवा कोचीहून रोड टँकरने येईल, जहाजाला ट्रकवरून भरणं जगभर चालतं. मात्र बंदराची, अग्निशमनाची आणि क्लासची परवानगी आत्तापासून मागायला लाग, तुमच्या जेट्टीवर याआधी कुणी हे केलेलं नसेल तर प्रत्येक जण पहिल्यांदा ‘नाही’च म्हणेल. एका टँकरमध्ये टाकीचा पाव भाग भरेल, त्यातलं काही ती गार करण्यातच जाईल. दुसरा टँकर पाठोपाठ उभा ठेव. आधी द्रव नायट्रोजनने गार करून घेतलीस तर एलएनजी वाया जाणार नाही आणि मिथेन हवेत सोडावा लागणार नाही. तो कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पट वाईट, आणि युरोपात चालणाऱ्या जहाजाला इंजिनातून निसटणाऱ्या मिथेनचाही हिशेब आता द्यावा लागतो. इंजिन निवडताना मालकाला त्याबद्दल विचार.

आणखी एक, प्रॉडक्शनच्या साहेबांना माझ्याकडून सांग. २०२५ च्या ऑक्टोबरात सीएमए सीजीएमने कोचीन शिपयार्डबरोबर एलएनजीवरच्या सहा कंटेनर जहाजांसाठी इरादापत्र केलंय, प्रत्येकी १७०० कंटेनरचं. हे काम आपल्या किनाऱ्यावर येतंय. या जहाजावर तुमच्या दोन-तीन चांगल्या पाइप वेल्डरांना बंकर लाइनसाठी क्रायोजेनिक प्रोसिजरवर पास करून घ्या, आणि त्यातल्या एकाला कोल्ड टेस्टला तुझ्याबरोबर ने.